पाटीमागे कोण आहे?

कच्च्या पावतीच्या माथ्यावर 'श्री' असतो आणि तळाला 'भूलचूक देणे घेणे'. मधल्या जागेत दुकानाचं नाव, एक मोबाइल नंबर आणि 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही' ही तंबी. भूलचूक झालीच तर देणारा कोण, हे मात्र त्या कागदावर कुठेही नसतं. साई, समर्थ, गणेश किंवा ओम घ्या, पुढे एंटरप्रायझेस, ट्रेडर्स नाहीतर असोसिएट्स जोडा, धंद्याचं नाव तयार. पाटी लागली, पावतीपुस्तक छापून आलं की ते नाव बाजारात फिरू लागतं. त्याच्यामागे अमुक एक माणूस आहे, हे गिऱ्हाइकाला कळेल अशा ठिकाणी नोंदवण्याची सरसकट सक्ती आपल्याकडे नाही.

हे ऐकायला चमत्कारिक वाटतं, कारण नोंदण्यांची आपल्याकडे वाण नाही. रिक्षावाल्याला बॅज लागतो, फेरीवाल्याला प्रमाणपत्र लागतं. पण एकट्या माणसाने स्वतःच्या नावाऐवजी दुसऱ्याच नावाने धंदा मांडला, तर ते नाव आणि तो माणूस यांची जोडी लोकांपुढे ठेवायला लावणारा, सगळ्यांना लागू होणारा एकही कायदा नाही.

कंपनीचं तसं नाही. कंपनी कायदा २०१३ चं कलम १२ बऱ्यापैकी कडक आहे. जिथे जिथे धंदा चालतो तिथे बाहेर नाव आणि नोंदणीकृत पत्ता लावायचा, तोही त्या भागात चालणाऱ्या भाषेच्या लिपीत. बिलावर आणि पत्रावर नाव, पत्ता, कंपनीचा ओळख क्रमांक, फोन, ईमेल द्यायचा. गेल्या दोन वर्षांत नाव बदललं असेल तर जुनं नावही सोबत लिहायचं. ही शेवटची अट ज्याने कुणी घातली त्याला बाजार चांगला ठाऊक असणार. बदनाम झालेलं नाव टाकून नवं लावायची युक्ती काही आजची नाही. कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर नाव टाकलं की कंपनी खरोखर आहे का आणि तिचे संचालक कोण, हे घरबसल्या कळतं.

भागीदारीचा मामला मधला. १९३२ च्या भागीदारी कायद्यात नोंदणी ऐच्छिक आहे, पण कलम ६९ मध्ये एक मेख मारून ठेवली आहे. नोंदणी नसलेल्या पेढीला करारातला हक्क वसूल करण्यासाठी बाहेरच्या माणसावर दावा लावता येत नाही. बाहेरच्याला मात्र तिच्यावर लावता येतो. या कलमाकडे पुढे परत यावं लागेल.

उरतो एकल मालक, म्हणजे पाटीच्या कोपऱ्यात 'प्रोप्रा.' लिहून किंवा तेवढंही न लिहिता बसलेला. आपल्या बाजारपेठेतले बहुसंख्य छोटे धंदे याच प्रकारचे. किराणा, केटरर, इंटिरियरवाला, खासगी क्लास, पॅकर्स-मूव्हर्स, चारधाम यात्रा काढणारी टूर कंपनी. नावात 'कंपनी' असली तरी पुष्कळदा ती कायद्याच्या अर्थाने कंपनी नसतेच.

या मालकांची सरकारदरबारी नोंद नाही असं मात्र अजिबात नाही. उलट तीच माहिती चार खात्यांनी चार वेळा घेतलेली असते. दुकानदार ज्याला अजून गुमास्ता म्हणतात तो शॉप ॲक्ट आहे. जुना १९४८ चा कायदा जाऊन २०१७ चा आला, तेव्हापासून दहापेक्षा कमी कामगार असतील तर नोंदणी नाही, फक्त ऑनलाइन कळवायचं आणि पोचपावती घ्यायची. ही मर्यादा विसापर्यंत नेण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२५ मध्ये घेतला. जीएसटी आहे, पण मालाच्या धंद्याला वर्षाला ४० लाखांपर्यंत आणि सेवेच्या धंद्याला २० लाखांपर्यंत उलाढाल असेल तर सहसा ती नोंदणी लागत नाही. कर्ज-सवलतींसाठी २०२० पासून उद्यम नोंदणी आहे. खाण्याचे पदार्थ विकणाऱ्याला अन्नसुरक्षेचा चौदा आकडी क्रमांक घ्यावा लागतो. गुमास्ता कामगारांसाठी, जीएसटी करासाठी, उद्यम बँकेसाठी, अन्न परवाना स्वच्छतेसाठी. सगळ्यांना मालकाचं नाव माहीत, आणि ज्याने काउंटरवर रोख मोजली तो तेवढा अंधारात.

जीएसटीच्या पोर्टलवर क्रमांक टाकला तर कायदेशीर नाव आणि व्यापारी नाव शेजारी शेजारी दिसतात, ही त्यातल्या त्यात चांगली सोय आहे. पण त्यासाठी क्रमांक हाती हवा. तो प्रवेशापाशी पाटीवर लावावा असा जीएसटी नियमावलीचा अठरावा नियम सांगतो. आपल्या रस्त्यावरच्या पाट्या एकदा या नजरेने वाचून पाहाव्यात. आणि 'पक्कं बिल हवं असेल तर जीएसटी पडेल' हे वाक्य ज्याने ऐकलं नाही असा गिऱ्हाईक महाराष्ट्रात सापडणं कठीण. पक्क्या बिलाबरोबर आपण कराइतकंच मालकाचं नावही सोडून देत असतो, हे त्या क्षणी डोक्यात येत नाही.

ते येतं भांडण उभं राहिल्यावर. स्वयंपाकघराच्या कामाला एक लाख आगाऊ दिले, निम्मं काम झालं, फोन बंद झाला. जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करायची तर सामनेवाल्याचं नाव आणि पत्ता लागतो. पावतीवर असतं धंद्याचं नाव. दिवाणी प्रक्रिया संहितेत याची सोय आहे: ऑर्डर ३०, नियम १० प्रमाणे, दुसऱ्या नावाने धंदा करणाऱ्यावर त्या धंद्याच्याच नावाने दावा लावता येतो. दावा लागतो हे खरं. पण एकल मालकीच्या धंद्याला मालकापासून वेगळं असं कायदेशीर अस्तित्वच नाही. धंद्याच्या नावावर ना घर, ना जमीन, ना गाडी. नोटीस 'सोडून गेले' असा शेरा घेऊन परत येते. ती कशीबशी बजावली, निकाल लागला, हुकूमनामा हाती आला, तरी दरखास्त, म्हणजे हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीचा अर्ज, दाखल करताना प्रश्न तोच: जप्ती कुणाच्या मालावर? गाळा भाड्याचा, मोबाइल नंबर भलत्याच कुणाचा. एवढ्या वेळात तोच माणूस पुढच्या चौकात समर्थऐवजी ओम लावून बसलेला असू शकतो, आणि दोन वर्षं जुनं नाव लिहायची अट त्याला नाही.

इथे कुणी ट्रेडमार्कचं नाव काढेल. ट्रेडमार्क ही वेगळी गोष्ट आहे आणि दोन्हींची गल्लत फार होते. ट्रेडमार्कची नोंदवही व्यापाऱ्याला दुसऱ्या व्यापाऱ्यापासून वाचवण्यासाठी असते. लोणावळ्यात चिक्कीच्या दुकानांवर एकच नाव किती पाट्यांवर दिसतं आणि प्रत्येक जण आपणच मूळचे कसे म्हणतो, हा झाला ट्रेडमार्कचा प्रश्न. 'आमची कोठेही शाखा नाही' ही पुणेरी पाटीसुद्धा त्याच लढाईतली. गिऱ्हाइकाला मात्र नक्कल कोण आणि अस्सल कोण यापेक्षा, पैसे बुडाले तर कुणाला गाठायचं हे कळायला हवं.

मग उपाय सोपा वाटतो. प्रत्येक दुकानाच्या पाटीवर मालकाचं नाव ठळक लिहायला लावा, झालं. मला हा उपाय मान्य नाही, आणि त्याची कारणं इतिहासात आणि अगदी परवाच्या बातम्यांत आहेत.

धंद्याच्या नावांची नोंदवही ब्रिटनने १९१६ साली कायद्याने सुरू केली. आपल्या खऱ्या आडनावाव्यतिरिक्त दुसऱ्या नावाने धंदा करणाऱ्याने ते नाव, स्वतःचं नाव आणि राष्ट्रीयत्व नोंदवायचं. साल पाहिलं की हेतू कळतो. पहिलं महायुद्ध ऐन भरात होतं आणि इंग्रजी नावाच्या पाटीमागे जर्मन माणूस बसला आहे का, हे लोकांना आणि सरकारला हुडकायचं होतं. गिऱ्हाइकाचं हित त्यात होतंच, नव्हतं असं नाही. पण कायद्याला धार आली ती शत्रू शोधण्याच्या घाईतून.

आता जुलै २०२४ कडे या. कावड यात्रेच्या मार्गावरच्या खाणावळी, ढाबे आणि फळांच्या गाड्यांवर मालकांची नावं लावावीत, असा फतवा आधी मुझफ्फरनगरच्या पोलिसांनी काढला, मग उत्तर प्रदेश सरकारने सबंध मार्गासाठी तोच कित्ता गिरवला, उत्तराखंडही मागे राहिलं नाही. कारण दिलं गेलं ते पारदर्शकतेचं: यात्रेकरूला कळायला नको का, आपण कुणाकडे खातो? सर्वोच्च न्यायालयाने २२ जुलैला त्याला अंतरिम स्थगिती दिली. कोणत्या प्रकारचं अन्न मिळतं ते लिहायला सांगा, मालकाचं आणि नोकरांचं नाव लिहायला भाग पाडू नका, असा त्या आदेशाचा आशय होता. पुढच्या वर्षी क्यूआर कोड आला. नाव पाटीवर नको, मोबाइलने स्कॅन केल्यावर दिसेल. त्या खेपेला न्यायालयाने परवाना आणि नोंदणी प्रमाणपत्र कायद्याप्रमाणे लावा, एवढंच सांगितलं आणि बाकीच्या मुद्द्यात शिरायचं टाळलं.

आपल्या देशात नाव कळलं की माणसाचा धर्म कळतो, आडनाव कळलं की पुष्कळदा जात कळते. म्हणून 'मालक कोण' हा प्रश्न विचारणारे दोन प्रकारचे लोक असतात. एक ज्याने पैसे दिले आहेत, आणि दुसरा ज्याला या दुकानात जाऊ नका असं चार जणांना सांगायचं आहे. या दोघांना एकच उत्तर एकाच खिडकीतून देणारी व्यवस्था मला धोकादायक वाटते. पारदर्शकतेची बाजू मांडणारे बहुतेक जण हा फरक करत नाहीत, आणि विरोध करणारे पहिल्या माणसाला विसरतात.

मला जे म्हणायचं आहे ते असं: एकल मालकाचं नाव व्यवहार करणाऱ्याला मिळालंच पाहिजे, रस्त्यावरून जाणाऱ्याला मिळण्याची गरज नाही. पाटीवर नोंदणी क्रमांक पुरे. बिलावर, अंदाजपत्रकावर, आगाऊ रकमेच्या पावतीवर मात्र मालकाचं पूर्ण नाव आणि नोटीस जाईल असा पत्ता हवाच.

कंपनीला हा आडपडदा का नसावा, याचंही उत्तर द्यायला हवं. कंपनी बुडाली तर भागधारकाचं घर शाबूत राहतं. मर्यादित जबाबदारीचं हे चिलखत त्याला समाजाने कायदा करून दिलं आहे, म्हणून कंपनीची नोंदवही साऱ्या जगाला उघडी असणं हा रास्त मोबदला आहे. एकल मालकाला चिलखत नाही. धंदा बुडाला तर सावकार त्याच्या राहत्या घरापर्यंत येऊ शकतो. त्याने साऱ्या जगापुढे उघडं होण्याचं कारण नाही. ज्याच्याकडून पैसे घेतले त्याच्यापुढे होण्याचं आहे.

आणि ही काही माझी नवी कल्पना नव्हे. ब्रिटनने आपली १९१६ ची नोंदवही १९८२ मध्ये बंद केली, पण मोकळं सोडून दिलं नाही. तिथे आज दुसऱ्या नावाने धंदा करणाऱ्याला पत्रव्यवहार, बिलं आणि पावत्यांवर स्वतःचं नाव आणि नोटीस बजावता येईल असा पत्ता द्यावाच लागतो, आणि त्याच्याशी धंद्याची नुसती बोलणी करणाऱ्यानेही मागितलं तर लेखी द्यावं लागतं. (ते नाव दुकानातही लावावं लागतं. तेवढा भाग मी आपल्याकडे आणणार नाही. का ते वर सांगितलंच आहे.) आपल्या २०२० च्या ई-कॉमर्स नियमांतही हेच तत्त्व आहे: खरेदी झाल्यावर ग्राहकाने लेखी मागितलं, तर तक्रार निवारणासाठी लागणारी विक्रेत्याची माहिती, मुख्य कार्यालयाच्या पत्त्यासह, संकेतस्थळाने त्याला दिली पाहिजे. म्हणजे मोबाइलवरून दीडशे रुपयांचं कव्हर मागवणाऱ्याला जो हक्क आहे, तो इंटिरियरवाल्याच्या हातात एक लाख ठेवणाऱ्याला नाही.

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ बिल न देणं ही अनुचित व्यापारी प्रथा मानतो, आणि बिलावर काय काय असावं हे सांगणारे नियमही २०२० मध्ये आले. त्यांत 'विक्रेत्याचं नाव आणि पत्ता' एवढंच म्हटलं आहे. विक्रेता म्हणजे पाटी की माणूस? दुकानदार अर्थातच पाटी समजतो. तिथे 'धंद्याचं नाव मालकाच्या नावाहून वेगळं असल्यास मालकाचं पूर्ण नाव' एवढे शब्द घालायला संसदेत जावं लागत नाही, नियमातली दुरुस्ती पुरते.

डिजिटल पैशांनी तर हे अर्धंअधिक करूनही टाकलं आहे. राष्ट्रीय पेमेंट्स महामंडळाने यूपीआय ॲपना सांगितलं की व्यक्ती-व्यक्तींमधल्या आणि अगदी छोट्या दुकानदारांच्या व्यवहारांत, ३० जून २०२५ पासून बँकेच्या नोंदीत असलेलं खरं नाव पैसे देणाऱ्याला दिसलं पाहिजे; फोनमध्ये साठवलेलं किंवा खातेदाराने स्वतः ठेवलेलं टोपणनाव नको. भाजीवाल्याचा कोड स्कॅन केला की आता त्याचं बँकेतलं नाव समोर येतं. त्यासाठी मोर्चे निघाले नाहीत, धंदेही बंद पडले नाहीत. मोठ्या रकमेचं काम घेणारे मात्र अजून 'निम्मे रोख द्या' म्हणतात, आणि रोखीत कुणाचंच नाव दिसत नाही.

घरून डबे देणाऱ्या, फराळ करणाऱ्या, कपडे शिवणाऱ्या बायकांचा आक्षेप मला सगळ्यांत वजनदार वाटतो. पावतीवर नाव आणि घरचा पत्ता छापला तर तो कुणाच्याही हाती जाईल, आणि एकट्या राहणाऱ्या बाईला ते परवडणारं नाही. यावर तोड आहे. कंपन्यांच्या संचालकांना ब्रिटनमध्ये २००९ पासून घराऐवजी पत्रव्यवहाराचा पत्ता जाहीर नोंदीत देता येतो. घरचा पत्ता सरकारकडे राहतो, लोकांना दिसत नाही. तसाच इथे बचत गटाच्या कार्यालयाचा किंवा वॉर्ड ऑफिसचा पत्ता नोटिशीपुरता चालावा. नोटीस पोहोचली की झालं. कुणाचा दरवाजा कुठला हे सांगणं हा हेतू नाहीच.

'आणखी एक परवाना, आणखी एक इन्स्पेक्टर' ही ओरड होणार, आणि व्यापाऱ्यांची ती भीती खोटी नाही. महाराष्ट्रात पाटीवर काय असावं यासाठी सरकारने कंबर कसल्याचं आपण अलीकडेच पाहिलं. २०२२ मध्ये कायदा दुरुस्त करून दहापेक्षा कमी कामगारांच्या दुकानांनाही मराठी पाटी सक्तीची झाली, सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोन महिन्यांची मुदत दिली, आणि ती संपल्यावर मुंबई महापालिकेची पथकं अक्षरं दुसऱ्या भाषेहून लहान तर नाहीत ना हे पाहत दुकानोदुकानी फिरली. मराठी पाटी हवीच, त्याबद्दल माझ्या मनात किंतु नाही. पण ज्या दारात पथक अक्षरं पाहून गेलं, त्या दाराआड मालक कोण हे त्याने विचारलं नाही. त्याच्या कामात ते बसतही नव्हतं.

माझ्या व्यवस्थेला पथक लागत नाही. त्यासाठी कलम ६९ ची मेख पुरे. दंड नको, गाळ्याला सील नको. ज्याने बिलावर स्वतःचं नाव दिलं नाही, त्याला त्या बिलाच्या थकबाकीसाठी कोर्टात जाता येणार नाही, एवढंच. गिऱ्हाइकाला त्याच्याविरुद्ध जाता येईल. नव्वद वर्षांहून जास्त काळ भागीदारी पेढ्या या नियमाखाली धंदा करत आल्या आहेत. ज्या व्यापाऱ्याची उधारी बाजारात अडकलेली असते, तो या एका भीतीने महिनाभरात पावतीपुस्तक बदलून घेईल.

नोंदणीचा अर्थ मात्र नीट सांगावा लागेल, कारण आपल्याकडे 'रजि. नं.' छापलेला दिसला की लोक माणूस भला समजतात. गुमास्त्याची पोचपावती फ्रेम करून देवाच्या फोटोशेजारी लावलेली असते. ती निव्वळ कळवल्याची पोच आहे, मालक सचोटीचा असल्याचा दाखला नव्हे, हे कोण वाचतो? दादरच्या टोरेस प्रकरणात हे फार महागात पडलं. पाटीवर आणि जाहिरातीत नाव 'टोरेस'. खड्यांच्या खरेदीवर दर आठवड्याला परतावा मिळेल म्हणून लोकांनी रांगा लावून पैसे भरले. जानेवारी २०२५ मध्ये परतावे थांबले, दुकानापुढे गर्दी जमली, आणि गुन्हा दाखल झाला तेव्हा वर्तमानपत्रांत दुसरंच नाव आलं: प्लॅटिनम हर्न प्रायव्हेट लिमिटेड. कंपनी रीतसर नोंदलेली होती. म्हणजे नोंदणीने फसवणूक टळत नाही, हे कुणी मला याच उदाहरणावरून ऐकवेल, आणि त्यात तथ्य आहे. नोंदवहीला माणसाची नियत कळत नाही.

पण पाटीवरचं नाव आणि नोंदवहीतलं नाव यांची सांगड गिऱ्हाइकाला आधी घालता आली असती, तर त्याला निदान शोध कुठे घ्यायचा हे कळलं असतं: ही कंपनी कधीची, भांडवल किती, संचालक कोण, ठेवी किंवा गुंतवणूक घ्यायची परवानगी तिला आहे का. दहांतल्या नऊ जणांनी तरीही पाहिलं नसतं. दहाव्याने पाहिलं असतं, आणि चाळीत, सोसायटीत, लोकलच्या डब्यात बातमी पसरायला असा एक जण पुष्कळ होतो. टोरेसच्या रांगेत उभ्या असलेल्यांना ते दुसरं नाव पैसे भरतानाच्या पावतीवर ठळक वाचायला मिळायला हवं होतं. पोलिसांच्या कागदातून ते कळलं तेव्हा त्याचा उपयोग फक्त तक्रार लिहिण्यापुरता उरला होता.